पुलीवरची पांढरी रेघ

व्हॅन तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा मेस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली. ही व्हॅन त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लॉन्ड्रीची. जुन्या इंजिनाचा ब्लॉक तडकला म्हणून भंगारवाल्याकडून दुसरं इंजिन आणलं. आणलं भावोजींनी, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, आणि बसवलं मेस्त्रींनी. रेस दिली की गाडी कशीबशी ओढायची. पाय काढला की थरथरायची, दोन आचके द्यायची आणि गप्प व्हायची.

मेस्त्री स्वभावानंच संशयी. नवा पार्ट आणला तरी आधी डबीचा वास घेऊन बघणारे. त्यात भावोजींशी त्यांचं लग्नाच्या दिवसापासून जमलं नव्हतं. इतकं गोड बोलणारा माणूस पोटात काहीतरी ठेवून असतो, हे त्यांचं ठाम मत.

दोन दिवस त्यांनी इंजिन पिंजून काढलं. प्लग बदलले. कुठून हवा ओढतंय का म्हणून नळ्यांवर फवारा मारून पाहिला. कार्बुरेटर खोलून धुतला. ठिणगी वेळेवर पडते का ते बघायला टायमिंग लाइट लावला, तर इंजिनाबरोबर फिरणाऱ्या पुढच्या पुलीवरची पांढरी रेघ दहा अंशांच्या खुणेवर अगदी बरोबर. ती रेघ त्यांनी स्वतः ओढलेली. परक्याच्या खुणेवर त्यांचा काडीचा विश्वास नाही, म्हणून आलेल्या इंजिनाची पुली काढून त्यांनी जुन्याचीच, आपल्या रेघेची पुली चढवली होती. टायमिंग बरोबर, तर मग इंजिनच टाकाऊ. म्हणजे यात पाणी मुरतंय. भावोजींनी मधल्यामध्ये हात मारला असणार.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. त्यांनी बहिणीला फोन लावला. पाहिलेलं इंजिन आणि आणलेलं इंजिन एकच होतं का, ते नवऱ्याला जरा विचार, एवढंच म्हणाले. एवढं पुरतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

दोन दिवसांनी सकाळी भावोजी गॅरेजवर आले. चेहरा उतरलेला. भांडले नाहीत. घेताना आपण भंगारवाल्याकडे पाऊण तास इंजिन चालू ठेवून पाहिलं होतं, कुठे अडखळलं नव्हतं, असं म्हणाले. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन वर आणून रेघ कुठे येते ते एकदा बघा, अशी विनंती केली.

हे आता मला शिकवणार, असं मेस्त्रींच्या मनात आलं. पण यांना खोटं पाडायचंच, म्हणून त्यांनी प्लग काढला, भोकात लांब स्क्रू-ड्रायव्हर सोडला आणि पान्यानं इंजिन हळूहळू फिरवलं. स्क्रू-ड्रायव्हर वर आला आणि थांबला. पिस्टन टोकाला होता. रेघ शून्यावर हवी होती, ती बोटभर सरकलेली होती.

पुन्हा फिरवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी पुलीची कड चाचपली. कड आणि मधला गाभा यांच्यामधलं रबर पार विरलं होतं. कड कधीचीच सरकली होती आणि तिच्याबरोबर रेघही. इंजिन चांगलंच होतं. मेस्त्रींनीच त्याचं टायमिंग आपल्या सरकलेल्या रेघेवर लावून ते बिघडवलं होतं. लाजेनं त्यांचे कान तापले.

इंजिनाची मूळ पुली चढवून त्यांनी टायमिंग नव्यानं लावलं. पाय काढला तरी व्हॅन एका लयीत चालत राहिली.

"चुकलं माझं, भावोजी."

"ते तिला सांगा, दादा. माझं ती ऐकत नाही. काल स्वतः भंगारवाल्याकडे जाऊन आली. तो म्हणाला तेच इंजिन, तर म्हणते, तोही तुम्हाला सामील."

मेस्त्रींनी तिथंच फोन लावला. इंजिन उत्तम आहे, चूक सगळी आपली, भावोजींचा यात काही दोष नाही, असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडून बहिणीनं विचारलं,

"दादा, हे तिथेच उभे आहेत ना? म्हणून असं बोलतोयस?"

इंजिन इतकं शांत चालत होतं, की भावोजींना फोनमधला तिचा प्रश्न स्पष्ट ऐकू गेला.