धुरळा

"प्यायचं पाणी जमिनीवर ओतायचं, साहेब?" टँकरच्या खिडकीतून मान बाहेर काढत ड्रायव्हरने विचारलं.

"ओतायचं नाही, शिंपडायचं. मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरताना धुरळा उडता कामा नये. फोटो खराब येतात," मेजर म्हणाला.

हा मेजर एरवी फर्निचरचं दुकान चालवायचा. राखीव दलाचं बोलावणं आलं, अंगावर गणवेश चढला आणि सोफे विकणारा माणूस रातोरात जगाचा तारणहार झाला. ड्रायव्हरला तो डोळ्यांसमोर नको व्हायचा. पण ड्रायव्हर तरी कोण मोठा लागून गेला होता? घरी तो शाळेची बस चालवायचा. लढाईने पोळलेल्या या परक्या मुलुखात मदतीला निघताना त्यानेही बायकोपुढे छाती फुगवली होती. ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "घरातला गळका नळ दुरुस्त होत नाही, आणि निघाले जग वाचवायला!"

इथे येऊन त्याने पाहिलं काय, तर तंबूंवर रंगवलेली दलाची भलीमोठी चिन्हं, अधिकाऱ्यांच्या खोलीतली गारेगार हवा, आणि काटेरी तारेपलीकडे रिकाम्या बादल्या घेऊन ताटकळणारी माणसं.

"आधी त्यांना देतो ना, साहेब. उरेल ते शिंपडू."

"तू डोकं चालवू नकोस. टँकर चालव."

ड्रायव्हरने मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली आणि मुकाट्याने टँकर चालवला. मागून पाणी फवारत होतं. रांगेतला गलबला थांबला. कुणी ओरडलं असतं, एखादा दगड भिरकावला असता, तरी त्याला बरं वाटलं असतं. सगळे नुसते बघत राहिले.

हेलिकॉप्टर आलंच नाही. मंत्र्यांचा म्हणे बेत बदलला.

"जा, वाट आता उरलंसुरलं," मेजर जांभई देत म्हणाला.

ड्रायव्हर लगबगीने तारेपाशी गेला. रांगेत पुढे एक म्हातारी होती. "या आजी," म्हणत त्याने नळी पुढे केली. म्हातारी हळू आवाजात काहीतरी बोलली.

"काय म्हणाली?" त्याने तारेपाशी उभ्या असलेल्या दुभाष्याला विचारलं.

दुभाष्याने नजर चुकवली. "सांगण्यासारखं नाही."

"मी काय हौसेनं केलं का? हुकूम होता म्हणावं."

दुभाष्याने तिला तसं सांगितलं. म्हातारीने मान डोलावली, जणू गणवेशातल्या माणसांकडून तिने हे आधीही ऐकलं होतं. मग तिने बादली जमिनीवर पालथी घातली आणि त्याच्याकडे पाठ करून तिच्यावर बसली.

मागच्यांनी तिला वळसा घालून आपापल्या बादल्या पुढे केल्या. ड्रायव्हर खाली मान घालून त्या भरत राहिला.