नऊ वाजता जीभ दाखवणे

माझ्या पिशवीत औषधं असतात, पण माझं खरं काम पहारेकऱ्याचं. क्षयाच्या गोळ्या सहा महिने घ्याव्या लागतात आणि माणसाला दोन महिन्यांतच बरं वाटायला लागतं. खोकला जातो, भूक लागते, गाल भरतात आणि पेशंट शहाणा होतो. आजारी पेशंटने मला कधी छळलं नाही. छळलं ते या शहाण्यांनी.

कुलूपवाला त्यांच्यातला अर्क. गेल्या खेपेला मी त्याच्या बायकोला साक्षीदार नेमलं होतं. साक्षीदाराचं काम सोपं असतं. गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या, जीभ वर करायला सांगून खाली काही लपलं नाही ना ते बघायचं आणि कार्डावर त्या दिवसाच्या रकान्यात सही करायची. कुलूपवाल्याने बायकोला गोड बोलून असं गुंडाळलं, की तिसऱ्या महिन्यापासून गोळ्या बंद आणि सह्या चालू. वर्षभरात रोग परत आला. नशीब एवढंच, की जंतू अजून याच गोळ्यांना दबत होते. डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सांगितलं, "आता पुन्हा मध्येच सोडलंत, तर या गोळ्या तुमच्यावर चालायच्या बंद होतील. पुढचं औषध फार जड असतं. त्यातून उठाल याची खात्री मी देणार नाही." त्याची बायको बाहेर बाकावर रडत होती. रडू मलाही येत होतं, पण मला राग आधी येतो.

पहिले दोन महिने मी स्वतः त्याच्या घरी जाऊन गोळ्या दिल्या. थुंकीतले जंतू गेले, तो दुकानात बसायला लागला आणि प्रश्न आला, की आता साक्षीदार कोण? हा बाबा ज्याच्याशी बोलेल त्याला गुंडाळणार. म्हणजे असा माणूस हवा, ज्याच्याशी हा बोलतच नाही.

असा माणूस त्याच्या दुकानातच होता. त्याचा सख्खा धाकटा भाऊ, घड्याळवाला. वडील कुलपं आणि घड्याळं दोन्ही दुरुस्त करायचे. ते गेल्यावर दुकानाची पाटी नव्याने रंगवायची ठरली आणि पाटीवर आधी कुलपं की आधी घड्याळं यावरून दोघांचं बिनसलं. नऊ वर्षं झाली. पाटी अजून कोरी आहे. दुकानाच्या मधोमध प्लायवूडची भिंत आहे, आणि पंख्याचं बटण एकच असल्यामुळे भिंतीत एक चौकोनी खिडकी ठेवलेली आहे. आधी बोलेल तो हरला, असं दोघांनीही मनाशी धरलेलं होतं.

मी धाकट्याला विचारलं तेव्हा त्याने डोळ्याचं भिंगसुद्धा काढलं नाही.

"शेजारच्यांचं काम असेल तर शेजारच्यांना विचारा," तो म्हणाला.

"शेजारचे मरतील," मी म्हटलं.

त्याच्या चिमट्यातलं चाक खाली पडलं. ते शोधायला तो बराच वेळ टेबलाखाली राहिला. वर आल्यावर म्हणाला, "किती वाजता?"

दुसऱ्या दिवसापासून कार्यक्रम सुरू झाला. बरोबर नऊला धाकट्याकडचं घड्याळ गजर करायचं. थोरला कानस खाली ठेवून खिडकीशी यायचा, गोळ्या तोंडात टाकायचा, पाणी प्यायचा आणि भली लांब जीभ बाहेर काढायचा. नऊ वर्षांच्या वैऱ्याला रोज वाकुल्या दाखवायच्या, तेही दवाखान्याच्या परवानगीने! गडी खूश होता. धाकटा चेहरा पाडून सही करायचा. मी माझ्या अकलेवर इतकी खूश होते, की दोन-चार जणांना ही हुशारी सांगूनही झाली.

आठवडा गेला नसेल, तोच धाकटा धापा टाकत दवाखान्यात आला. "ताई, दुकानामागच्या संडासात... शेजारच्यांचं... रक्त जातंय हो!"

मला हसू आवरेना. या औषधाने लघवी केशरी होते, हे त्याला सांगायचं मी विसरलेच होते. "औषधाचा रंग आहे तो," मी म्हटलं. "रंग दिसतोय, म्हणजे गोळी पोटात जातेय. निर्धास्त राहा."

"मला काय त्याचं? पाणी नीट ओतत नाहीत, म्हणून सांगायला आलो," असं म्हणून तो तरातरा निघून गेला.

पाचव्या महिन्यातल्या एका दुपारी तो परत आला. या वेळी धापा नव्हत्या, पण चेहरा पांढरा पडला होता.

"रंग बंद झालाय. काल नव्हता. आजही नाही."

मी कार्ड काढायला लावलं. दोन्ही दिवसांच्या रकान्यांत त्याचीच सही होती. माझं डोकं फिरलं. "जीभ बघितलीत ना तुम्ही? मग सही कशी केलीत?"

तो खाली बघत म्हणाला, "घड्याळ बघत होतो. नऊला एक मिनिट इकडे की तिकडे नको म्हणून. तोंडाकडे... तोंडाकडे नाही बघितलं कधी."

घ्या! म्हणजे गेले कित्येक आठवडे एक जण जीभ काढून उभा आणि दुसरा काट्यांकडे टक लावून. भावाचं तोंड बघणार नाही आणि त्याचा संडास मात्र रोज तपासणार, अशा माणसाला काय म्हणावं? अबोला आहे म्हणूनच मी याला नेमलं होतं, आणि त्या अबोल्यानेच घात केला. मी पिशवी उचलली. "चला, आत्ता बघते त्यांच्याकडे."

"नको," तो म्हणाला. "उद्या नऊला या."

दुसऱ्या दिवशी मी पावणेनऊलाच धाकट्याच्या टेबलामागे जाऊन बसले. गजर झाला. थोरला आला, गोळ्या, पाणी, जीभ, सगळं रोजच्यासारखं. धाकट्याने डोळ्याला भिंग लावलं, टेबलावरचा दिवा खिडकीकडे वळवला आणि घसा खाकरला.

"जीभ वर कर."

थोरल्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. गालात दाबलेली, रंग आणणारी गोळी घरंगळून खिडकीच्या फळीवर पडली. तिच्याकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"तू आधी बोललास!"

"बोललो."

"हरलास!"

"हो, हरलो. गीळ ती."

"मळमळतं मला त्याने. आणि मी ठणठणीत आहे," थोरला म्हणाला. मग आवाज खाली आला. "शिवाय इतके दिवस जीभ काढतोय, तू एकदा तरी बघितलंस का? म्हटलं, गोळी नाही गिळली तरी कोणाला कळणार आहे!"

"दादा," धाकटा म्हणाला, "तू मेलास तर मी अबोला कोणाशी धरू?"

भिंग डोळ्यावर असल्यामुळे त्याला रडताही येईना. मी मात्र तिथे रडले आणि चांगली रडले. थोरल्याने ती गोळी उचलली, मी दुसरी देते म्हणत होते तोवर तोंडात टाकली, आणि कोणी न सांगता जीभ वर केली. मळमळीसाठी मी त्याला दुपारीच डॉक्टरांकडे नेलं.

धाकट्याने कार्डावरच्या त्या दोन सह्या स्वतः खोडल्या आणि दोन दिवस शेवटी वाढवून घेतले. सहा महिने आणि वरचे दोन दिवस पुरे झाले, तपासणी स्वच्छ आली. मी कार्ड जमा केलं.

त्यानंतर आठवड्याने दवाखान्याच्या कपाटाची किल्ली करून घ्यायला मी दुकानात गेले, तर नऊचा गजर झालाच. थोरला खिडकीशी आला. गोळ्या नव्हत्या, पाणी नव्हतं, तरी त्याने आ केला. धाकट्याने भिंग लावून पुष्कळ वेळ आत बघितलं.

"मागची दाढ किडलीय. दाखवून ये."

"मी एकटा नाही जाणार."

"मी कधी म्हटलं एकटा जा?"

दोघांनी माझ्यासमोर दुकान बंद केलं आणि पाटीवर आधी काय यायला हवं यावर तावातावाने भांडत रस्त्याला लागले. माझी किल्ली राहिलीच. परत येईपर्यंत मी पायरीवर बसून राहिले.