डावा शॉकअप आणि धुरींचा भात

मित्रांनो, माझ्यामुळे एका निरपराध माणसाचा भात अर्धा झाला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाक्य मी लिहिलं नाही आणि तुम्ही वाचलं नाही. आत्मवृत्त जन्मापासून सुरू करायचं असतं, म्हणून जन्मापासून सांगतो.

मी लालबागमधल्या एका जुन्या मोटारसायकलचा मागचा डावा शॉकअप. कागदोपत्री माझं नाव बरंच लांब आहे, पण त्या नावाने मला आजवर कोणी हाक मारलेली नाही. पोटात तेल, अंगाभोवती स्प्रिंग आणि कमरेला पाच खाचांचं एक कडं. वाकड्या पान्याने ते कडं फिरवलं की स्प्रिंग आवळते किंवा सैल होते. पहिल्या खाचेवर मी मऊ, पाचव्या खाचेवर टणक. रस्त्यात खड्डा आला की तो आपण गिळायचा आणि वर बसलेल्याला कळू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी. मला एक जुळा भाऊ आहे, उजवा. पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही एकाच दिवशी जन्मलो आणि गेली पंधरा वर्षं एकाच गाडीवर आहोत. अजून भेट झालेली नाही. मध्ये चाक आहे.

आमचे मालक सीताराम धुरी. अंगाने काडी. माझगावच्या एका गोदीत तीस वर्षं फिटर होते. मित्रांनो, जहाजात माल चढू लागला की ते पाण्यात खाली खाली जातं. कुठवर गेलेलं चालेल त्याची रेघ जहाजाच्या अंगावर रंगवलेली असते. त्या रेघेकडे एकदा बघून धुरी सांगायचे, "अजून वीस टन खपतील," किंवा, "बस, आता पुरे." कधी चुकले नाहीत. हे नीट लक्षात ठेवा. माझा गुन्हा इथूनच सुरू होतो.

गाडी नवी होती त्या आठवड्यात धुरी आम्हाला परळला बुधाजीच्या गॅरेजात घेऊन गेले. सोबत पत्नी जाईबाई होत्या, हातात माशांची पिशवी.

बुधाजीची एक पद्धत आहे. नवं गिऱ्हाईक आलं की तो त्याला आधी गल्लीच्या टोकापर्यंत गाडी चालवून यायला सांगतो आणि स्वतः स्टुलावर बसून बघतो. ब्रेक उशिरा मारणारा वेगळा, वळणावर अंग टाकणारा वेगळा, खड्डा दिसला की आधी आईबाप आठवणारा वेगळा. मग तो गिऱ्हाइकाला गाडीवर बसवतो आणि टायर आणि मडगार्डच्या मधल्या जागेत हाताची बोटं आडवी घालतो. चार बोटं मावली की खाच बरोबर. शिवाजी पार्कात क्रिकेट शिकवणारे एक सर आहेत, त्यांच्या खांद्यावर किट असतं, त्यांना तिसरी. प्रभादेवीचा एक फुलवाला आहे, तो वळणावर जमिनीशी बोलून येतो, त्याला चौथी. प्रत्येकाचं नाव, वजन आणि खाच बुधाजी गॅरेजच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून ठेवतो. ती भिंत येणारा जाणारा सगळा परळ वाचतो.

धुरी साठ किलो वजन सांगून गल्लीच्या टोकाला जाऊन आले. बुधाजी खूश झाला.

"धुरीभाऊ, हात एकदम लोण्यासारखा आहे तुमचा. मागे कोण बसतं?"

"मंडळी."

आता नियमाप्रमाणे जाईबाईंनी गाडीवर बसायचं आणि बुधाजीने बोटं घालायची. पण वहिनी बसणार, आपण वाकून मागच्या चाकात हात घालणार आणि अख्खं गॅरेज बघणार, हे काही बुधाजीला प्रशस्त वाटेना. तो सज्जन माणूस आहे. मित्रांनो, सज्जन माणसांनी जगात फार घोळ करून ठेवलेत. त्याने पान्याकडे बघत विचारलं, "वहिनी, वजन साधारण?"

"अठ्ठेचाळीस," जाईबाई म्हणाल्या.

हे खोटं नव्हतं. जाईबाई अठ्ठेचाळीस होत्या. लग्नाच्या वर्षी.

धुरींनी बायकोकडे पाहिलं. तीस वर्षं जहाजांची रेघ बघितलेली नजर. त्यांना तिथल्या तिथे कळलं: शहात्तर. त्यांनी तोंड उघडलं. गॅरेजातली सात माणसं त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी तोंड मिटलं, परत उघडलं आणि म्हणाले, "हां. असेल तेवढंच."

भिंतीवर चढलं: धुरी ६०, वहिनी ४८, खाच दुसरी.

मला पहिल्याच स्पीडब्रेकरला सगळं समजलं. दुसऱ्या खाचेवर मी जेवढा दबायला हवा त्याहून कितीतरी दबलो, आणि तळाला जाऊन आपटलो. ठक. मला आवाज म्हणून एवढाच येतो. मी माझ्या परीने सांगितलं की बाबांनो, हिशोब चुकलाय. पण जाईबाईंनी त्या ठकचा अर्थ वेगळा लावला.

"अवो, तुमका खड्डे दिसनत नाय काय?"

धुरींनी वेग कमी केला. खरं कारण सांगायचं तर शहात्तर म्हणावं लागलं असतं.

पुढची बरीच वर्षं हे असंच चाललं. धुरी खड्डा चुकवायचे, मी ठक करायचो, बोलणी त्यांना बसायची. ते हळू झाले, अजून हळू झाले, इतके हळू की एकदा भारतमाता सिनेमाजवळ बर्फाच्या हातगाडीने आम्हाला ओव्हरटेक केलं आणि हातगाडीवाल्याने सहानुभूतीने मागे वळून पाहिलं. तरी ठक. जाईबाईंनी चाळीच्या गॅलरीत जाहीर केलं की यांनी गोदीत जहाजं कशी सांभाळली देव जाणे, रस्त्याशी तर यांचं मागल्या जन्मीचं वैर आहे. ज्या माणसाला बुधाजीने लोण्याचा हात म्हटलं होतं तो चाळीत 'ठकठक धुरी' झाला. आणि मी, मित्रांनो, दोघांच्या खाली असूनही ठकपलीकडे काही सांगू शकलो नाही. स्वतःला गाडीचा भाग म्हणवून घ्यायची मला लाज वाटते.

तुम्ही विचाराल, धुरी स्वतः फिटर होते, मग पाना त्यांच्याकडे नव्हता का? होता. एकदा त्यांनी चोरून मला चौथ्या खाचेवर नेलं. मागची बाजू बोटभर उंच झाली. रविवारी जाईबाई बसायला आल्या आणि थांबल्या.

"गाडी उंच केल्यात? कित्याक?"

धुरी वाकून टायरची हवा बघू लागले. संध्याकाळी मी परत दुसऱ्या खाचेवर.

एवढं सगळं सोसून ते गाडी का चालवत राहिले, हे मला ठाऊक आहे, कारण मी त्या दोघांच्या खाली होतो. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत ते दोघं, मुलगी पूर्वी, टीव्ही, आणि दारासमोरून जाणारी अर्धी चाळ. तिथे नवराबायको बोलतात ते मिठाबद्दल. पण दर रविवारी सकाळी लालबाग ते भाऊचा धक्का, मासे आणायला, ती वीस-पंचवीस मिनिटं त्यांची असायची. जाईबाई त्यांच्या कानाशी तोंड नेऊन बोलायच्या. मुलीच्या नोकरीचं, गावच्या घराच्या कौलांचं, कोणाला कळू नये अशा भीतीचं. एकदा त्या नुसत्याच हसल्या होत्या, रे रोडपर्यंत. मला वजनाचं कळतं, हसण्याचंही कळतं. हसताना माणूस स्प्रिंगवर वेगळा बसतो.

मग यंदा मार्चमध्ये, रे रोडच्या पुलाच्या उतारावर, मी असा आपटलो की जाईबाईंनी कंबर धरली ती घरी येईपर्यंत सोडली नाही. डॉक्टरांनी तीन आठवडे पडून राहायला सांगितलं. त्यांनी उशीवर डोकं ठेवून निर्णय दिला.

"गाडी विका. मी ह्यांच्या मागे परत बसूची नाय."

धुरी रोज जिना उतरून खाली यायचे, फडक्याने मला पुसायचे आणि वर जायचे. मला वाटतं ते माफी मागत होते. मीही मागत होतो. मध्ये फडकं होतं.

गिरगावचे कोणी हितेंद्र म्हणून गाडी बघायला येणार ठरले. त्याच्या आदल्या दिवशी, तीन आठवडे संपले तेव्हा, पूर्वीने किल्ली घेतली. म्हणाली, विकायच्या आधी एकदा चालवून बघते. ती एकटी परळच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. ती पंचावन्न किलोची. मी एकदाही आपटलो नाही.

"बाबा, गाडी मस्त आहे. मऊ एकदम."

जाईबाई गॅलरीतून म्हणाल्या, "मी काय सांगत होते? गाडीत दोष नाय. चालवणाऱ्यात आहे."

धुरींनी मान खाली घातली. पूर्वीला ते बघवलं नाही.

"आई, खाली ये. माझ्या मागे बस. गल्लीच्या टोकापर्यंत फक्त. मी बाबा नाही ना?"

जाईबाई कमरेला पट्टा बांधून, जिना एकेक पायरी उतरून, खाली आल्या आणि बसल्या. पूर्वीने बाळाला झोपवतात तशा बेताने गाडी सोडली. गल्लीच्या टोकाला एक स्पीडब्रेकर आहे. खरं तर तो कोणाच्या तरी मांडवाचा बुजवलेला खड्डा आहे.

ठक.

जाईबाईंनी कमरेचा पट्टा सावरला. मग म्हणाल्या, "शेवटी बापाशीवर गेलंस."

पण पूर्वी उतरली, गुडघ्यावर बसली आणि माझ्याकडे बघू लागली. पंधरा वर्षांत माझ्याकडे असं कोणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, उतरू नकोस. अशीच बस." तिने मडगार्डखाली बोटं घातली. एकच मावलं, तेही करंगळी.

त्याच पावली ती दोघांना बुधाजीकडे घेऊन गेली. आईला टॅक्सीत, बापाला गाडीवर.

बुधाजी आता चष्मा लावतो. त्याने धुरींना गाडीवर बसवलं, जाईबाईंना मागे बसवलं, आणि या वेळी डोळे मिटून का होईना पण चाकात हात घातला. मग डोळे उघडले. उठून भिंतीपाशी गेला. पूर्वीही गेली आणि तिने मोठ्याने वाचलं.

"धुरी साठ. वहिनी अठ्ठेचाळीस."

गॅरेजात कोणीतरी हातातला पाना हळूच खाली ठेवला. बुधाजीने चष्मा पुसला. पूर्वीने आईकडे पाहिलं आणि तिला सगळं समजलं. आपण मोठ्याने वाचायला नको होतं हेही समजलं. जाईबाई गाडीवर ताठ बसून समोरच्या टायरच्या दुकानाकडे बघत होत्या. त्यांचा हात नवऱ्याच्या खांद्यावर होता. मित्रांनो, त्या क्षणी शहात्तर हा आकडा कोणी उच्चारला असता तर गाडी विकली गेली नसती, पण त्या गाडीवर पुन्हा कोणी कोणाच्या कानात बोललं नसतं.

धुरींनी घसा साफ केला.

"बुधाजी, चूक माझी आहे."

"कसली, धुरीभाऊ?"

"तेव्हा मी माझं वजन कमी सांगितलं. लाज वाटली. मी साठ नाही." त्यांनी मनात हिशोब केला. जहाजाचा माणूस. "मी अठ्ठ्याऐंशी आहे."

सगळ्यांनी धुरींकडे पाहिलं. त्यांचा शर्ट खुंटीवर असताना जसा दिसतो तसाच अंगावरही दिसत होता. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत जात होतं.

बुधाजीने त्यांना वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"वाटत नाही," तो म्हणाला. "पण हाडं जड असतात एकेकाची."

"हाडंच," धुरी म्हणाले.

बुधाजीने ब्रश बुडवला. भिंतीवर साठ खोडलं आणि अठ्ठ्याऐंशी लिहिलं. अठ्ठेचाळीसला हात लावला नाही. बेरीज बरोबर आली. मग त्याने वाकडा पाना घेतला आणि मला आणि माझ्या भावाला चौथ्या खाचेवर नेलं. पुन्हा बोटं घातली. चार.

"वहिनी, गाडी जरा उंच वाटेल हां आता. धुरीभाऊंच्या वजनासाठी करावी लागली."

"इलाज नाय," जाईबाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर त्या मागे बसल्या. टॅक्सीला त्यांनी नको म्हटलं. गल्लीच्या टोकाचा तो स्पीडब्रेकर आला. मी दबलो, सावरलो, परत वर आलो. आवाज नाही. पुढच्या खड्ड्यालाही नाही. जाईबाईंनी तोंड नवऱ्याच्या कानाशी नेलं. मी कान देऊन ऐकत होतो.

"हात बरो आसा तुमचो," त्या म्हणाल्या.

गाडी थोडी डुलली. हितेंद्रना पूर्वीने फोन करून नको सांगितलं.

इथे आत्मवृत्त संपायला हवं होतं. पण त्याच दुपारी जेवताना जाईबाईंनी भाताची मूद धुरींच्या ताटात वाढली, थांबल्या, आणि अर्धी परत भांड्यात काढली.

"अठ्ठ्याऐंशी म्हणजे जास्त झाले," त्या शांतपणे म्हणाल्या. "या वयात बरं नाय. भात अर्धो."

धुरींनी ताटाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती सगळं समजून आहे की काहीच नाही, हे जहाजाच्या माणसालाही कळेना. त्यांनी कालवण ओढून घेतलं आणि जेवू लागले. हे मला पूर्वीने सांगितलं. म्हणजे तिने ते फोनवर मैत्रिणीला सांगितलं, माझ्या सीटवर बसून.

तेव्हापासून धुरी आणखी बारीक झालेत. मला दर रविवारी कळतं. माझ्यापाशी काटा नाही, पण ते आता सत्तावन्नच्या वर नाहीत. मी वेळेवर नीट बोललो असतो तर ते आज पोटभर जेवले असते. मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर मागे बसणारं माणूस बदललं की आमची खाच बघत जा. आणि त्यांना गाडीवर बसवूनच बघा, वजन विचारू नका. बाकी माझं काही मागणं नाही, पुढील अर्जाखेरीज.

प्रति,
मा. जाईबाई धुरी,
स्वयंपाकघर, दुसरा मजला, लालबाग.

विषय: श्री. सीताराम धुरी यांचा भात पूर्ववत करणेबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, श्री. धुरी यांच्या नावे परळ येथील भिंतीवर नोंदवलेले अठ्ठावीस किलो हे त्यांचे नसून, ते नेमके कोणाचे आहेत याची चौकशी करू नये. तथापि सदर भात दुपार व रात्र अशा दोन्ही वेळी पूर्ण करण्यात यावा, रविवारी सुरमईची एक तुकडी जादा देण्यात यावी, व गेल्या चार महिन्यांचा अर्धा भात थकबाकी म्हणून एकरकमी वाढण्यात यावा.

अर्जदार या कामी दोषी असून सही करू शकत नाही. सही म्हणून पुढच्या खड्ड्यात एकदा ठक करेल. ते कृपया ऐकू येऊ नये.

आपला आज्ञाधारक,
डावा (खाच चौथी)