मामांचा आठवडा

रविवारी दुपारी आम्ही चौघे मामांच्या दुकानामागच्या खोलीत जमत असू, आणि चौघांत मिळून आमचं एकच सैन्य होतं.

दुकान घड्याळांचं. पुढे काउंटर, त्यामागे मामांचं कामाचं टेबल आणि पडद्यापलीकडे ती खोली: एक दिवाण, दोन स्टुलं, आणि दुरुस्तीला टाकून कुणी न्यायला न आलेल्या घड्याळांचा ढीग. खेळायचं यंत्र मामांचंच होतं. तळहातावर मावणारं, कडा पिवळट पडलेलं, स्वतःचा उजेड नसलेल्या जुन्या काळच्या स्क्रीनचं. खिडकीकडे तिरकं धरल्याखेरीज त्यात काही दिसत नसे. त्यामुळे खेळणारा माणूस नेहमी उजेडाला काहीतरी विचारत बसल्यासारखा भासे.

खेळ लढाईचा, पण शांत. बुद्धिबळासारखी घरं, आधी आपण आपले शिपाई हलवायचे, मग शत्रू त्याचे हलवतो. फरक एवढाच, की इथे प्रत्येक मोहऱ्याला आपण नाव देतो, तो लढाईगणिक तरबेज होत जातो, आणि एकदा पडला की कायमचा पडतो. मामा सेनापती होते. वकील तिरंदाज. सिस्टर, जी एका रुग्णालयात परिचारिका होती, ती इथेही जखमा बांधणारी वैद्यच. आणि मी भालाईत. दर आठवड्याला एकाने यंत्र घरी न्यायचं, एक लढाई खेळायची आणि पुढच्या रविवारी सैन्य दुसऱ्याच्या हवाली करायचं. नियम दोनच. कुणी पडलं तर खेळ पुन्हा मागून सुरू करायचा नाही. आणि ज्याचा आठवडा, त्याच्याशिवाय दुसऱ्याने यंत्राला हात लावायचा नाही.

खरी लढाई मात्र हवाली करताना होई.

"नव्वद टक्के!" वकील दिवाणावर मूठ आपटत. "स्क्रीनवर स्वच्छ लिहिलं होतं, बाण लागण्याची शक्यता नव्वद टक्के. आणि चुकला! हा सरळ फसवणुकीचा दावा होतो."

"उरलेले दहा टक्के तुमच्याच घरी मुक्कामाला असतात, वकीलसाहेब," सिस्टर म्हणे.

"तू बोलूच नकोस. माझ्या तिरंदाजाला दलदलीत उभं केलंस. दलदलीत! तिथून कोंबडीसुद्धा पळू शकत नाही."

"मग कुठे ठेवू? टेकडीवर जागा नव्हती. टेकडीवर भाचेराव उभे होते, फोटो काढून घ्यायला उभं राहावं तसे."

भाचेराव म्हणजे मी. मी हसत असे. मला चारचौघांत पटकन उत्तर सुचत नाही. मामा डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळात डोकावत असत आणि तिथूनच बोलत. "अरे, घाई कुणाला आहे? शत्रूला काय गाडी गाठायचीय? आपण जवळजवळ उभं राहायचं. पाठीला भिंत घ्यायची. तो येतो बरोबर."

त्यांचं युद्धशास्त्र एवढंच. एकालाही एकटं पुढे पाठवायचं नाही. मामांच्या आठवड्यात आमचा एकही शिपाई कधी पडला नाही.

मामा गेले ते त्याच टेबलापाशी, भरदुपारी, डोळ्यावरचं भिंगही न काढता. त्यानंतरचे काही रविवार आम्ही नुसते बसलो. मग एका रविवारी कुणीतरी यंत्र उचललं, खेळ पुढे सरकला आणि फिरत फिरत मामांचा आठवडा आला. तेव्हा आमच्या हातून चूक झाली. बाहेरच्या माणसाला ती वेडेपणाची वाटेल. आम्हाला ती सभ्यतेची वाटली होती.

"आता यांचा आठवडा गाळायचा?" सिस्टरने विचारलं.

वकिलांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. "नियम म्हणजे नियम. ज्याचा आठवडा, त्याचाच."

आम्ही यंत्र मामांच्या टेबलाच्या खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि किल्ली मामीकडे दिली. मामी आता एकटीच दुकान सांभाळत होती. पट्टे, सेल, काचा एवढं तिला येई. "ठेवा," ती म्हणाली. "नाहीतरी खण रिकामाच आहे." पुढच्या रविवारी आम्ही यंत्र बाहेर काढलं, तेव्हा सैन्य आम्ही ठेवलं तिथेच होतं. मनातून आम्ही तिघेही काहीसे खट्टू झालो, असं आज वाटतं.

मामांचा आठवडा पुन्हा आला, तेव्हा मात्र लढाई झालेली होती.

सिस्टरने यंत्र सुरू केलं आणि बोलता बोलता थांबली. नदीकाठची, आम्हाला सगळ्यांनाच धडकी भरवणारी ती लढाई जिंकली गेली होती. यंत्रातले सेल बरेच उतरले होते. शिपाई जिथे थांबले होते ती जागा मी पाहिली: पडक्या तटाला पाठ, खांद्याला खांदा. हस्ताक्षर ओळखावं तसं ते मी ओळखलं. फक्त एक गोष्ट मामांची नव्हती. तिरंदाज पडला होता. एकटाच, दूर, पटाच्या डाव्या कडेला, जिथे त्याला नेण्याचं काहीही कारण नव्हतं.

"कोणी केलं हे?" वकिलांचा आवाज कोर्टातला झाला. "मामी, किल्ली कुणाला दिली होती?"

"कुणाला देऊ? कमरेला आहे माझ्या," मामी पडद्याआडून म्हणाली. "आणि माझ्याकडे बघू नका. मला ते चालूसुद्धा करता येत नाही."

"बरं, मला मारलं ते मारलं," वकील शेवटी हसले. "पण दलदलीत नाही मारलं, हे नशीब."

त्यांचं ते मी ऐकलेलं शेवटचं वाक्य. म्हणजे, त्या वकिलांचं.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. मी त्यांच्या कार्यालयात गेलो. त्यांनी मान वर केली आणि अगदी अदबीने समोरची खुर्ची दाखवली. "बसा. काय काम काढलंत?"

ते मला नेहमी 'अरे भाच्या' म्हणत. मला वाटलं, चेष्टा चालली आहे. मी रविवारचं बोललो, सैन्याचं बोललो, मामांचं नाव घेतलं. ते लक्षपूर्वक ऐकत राहिले, जसं अशिलाचं ऐकतात.

"तुमचा काहीतरी घोटाळा होतोय," ते मृदूपणे म्हणाले. "मी आणि खेळ? मला पत्त्यांतला राजा-गुलाम कळत नाही हो. आणि या नावाचे घड्याळजी माझ्या परिचयाचे नाहीत." मग, मी फारच ओशाळलेला दिसलो असेन, म्हणून त्यांनी पाणी मागवलं. ते पूर्ण सुखरूप होते. चेहऱ्यावर कसलाही रितेपणा नव्हता, काही हरवल्याची शंकासुद्धा नव्हती. दोन्ही अंगठे तेवढे टेबलाच्या कडेवर हलत होते: डावा घरं मोजल्यासारखा, उजवा होकाराचं बटण दाबल्यासारखा. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

मी सिस्टरला सांगितलं. ती रुग्णालयाच्या जिन्यात उभी राहून ऐकत होती. भिणं हा तिचा स्वभाव नव्हता, म्हणून तिला भ्यालेलं पाहणं मला जड गेलं.

"माझी वैद्य काढून टाक," ती म्हणाली. "खेळात निरोप द्यायची सोय आहे ना? शिपाई मरत नाही, घरी जातो. आत्ता दे, माझ्यासमोर दे."

"मामा तुला काही करतील?"

"मामा वाईट नव्हते रे. मला त्यांच्या वाईटपणाची भीती वाटत नाहीये." तिने माझ्या हातातल्या यंत्राकडे पाहिलं, पण हात मागेच ठेवला. "मला आईला विसरायचं नाही, तुला विसरायचं नाही, आणि त्यांनाही विसरायचं नाही. पुढच्या वेळी यंत्र त्या खणात गेलं तर सैन्यात तू एकटा आहेस, एवढं ध्यानात ठेव. त्यांचा आठवडा बंद कर."

मी तिला निरोप दिला. पटावर ती छोटी आकृती वळली आणि कडेपर्यंत चालत गेली.

काय करायचं ते स्पष्ट होतं, आणि तेच माझ्याने होत नव्हतं. मामांचं या जगात काही करणं अजून चालू आहे, ते फक्त त्या खणात. तो बंद करायचा तो माझ्या हाताने. आणि चालू ठेवायचा, तर जो मामांची आठवण काढतो तोच उरणार नाही. या दोहोंतून मला वाट दिसेना. मामांचा आठवडा सुरू व्हायच्या रविवारी दुपारी मी दुकानात गेलो आणि मामीला सांगून टाकलं: वकिलांचं, सिस्टरचं, सगळं. "आता यंत्र खणात ठेवणार नाही," मी म्हणालो.

मामी एका घड्याळाला पट्टा बसवत होती. तिने तो पुरता बसवला, खीळ ओढून पाहिली, आणि मग म्हणाली, "मला आवाज येतो त्याचा."

"कसला?"

"बटणांचा. बंद खणातून. टिक, टिक, मध्येच थांबतात, पुन्हा टिक. विचार करताना थांबायचे तसेच." ती टेबलाकडे न पाहता बोलत होती. "दुपारी गिऱ्हाईक नसतं. मी इथे बसून कपड्यांच्या घड्या घालते आणि ऐकते. तुम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही खण उघडला असतात."

दुकानातली घड्याळं आपापल्या वेळा सांगत होती.

"त्यांना एकट्याने जेवण जायचं नाही," ती म्हणाली. "रस्त्यावरून जाणाऱ्याला हाका मारायचे, या, दोन घास खा म्हणून. किती भांडलेय मी त्यावरून. आता तिथे कुणी नसेल. माणसं गोळा करताहेत, दुसरं काय." मग तिने माझ्याकडे सरळ पाहिलं. "त्यात नवीन शिपाई घेता येतो का?"

"येतो."

"माझं नाव घाल."

"मामी!"

"ओरडू नकोस. वकीलसाहेब धडधाकट आहेत ना? जेवतात, झोपतात? मला झोप नाही रे. मी अर्ध्या पलंगावर झोपते अजून. सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. विसरणं म्हणजे शिक्षा असं तुला वाटतं, कारण तू तरुण आहेस. त्यांना सोबत मिळेल आणि मला पाठ टेकता येईल. कुणाचं काय जातं?"

"माझं जातं," मी म्हणालो. इतकं सरळ वाक्य मी आयुष्यात क्वचितच बोललो असेन. "तू मलाही विसरशील. मामा नाहीत, तर मी तुझा कोण?"

हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. तिचे हात थांबले. माझी आई लवकर गेली. शाळेतून मी याच दुकानात येत असे आणि याच मामीने मला वाढवलं होतं. ती बराच वेळ काउंटरच्या काचेवरची धूळ बोटाने एका जागी गोळा करत राहिली.

"तू येत जा," ती शेवटी म्हणाली. "मी काय, पुन्हा ओळख करून घेईन. तुझ्यासारख्या पोराशी कुणाची ओळख होत नाही, असं थोडंच आहे? एवढा लाजू मात्र नकोस."

मी नाही म्हणू शकलो असतो. यंत्र माझ्या खिशात होतं. उठून चालू लागलो असतो तर तिने मला अडवलं नसतं. पण अर्धा रिकामा पलंग तिचा होता, आणि त्या पलंगाच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर मी माझ्या दुःखाचा हक्क सांगणं मला लाजिरवाणं वाटलं. मी खिडकीपाशी गेलो. स्क्रीन उजेडाला लावली. नवीन शिपाई घेतला, एकेक अक्षर निवडून तिथे 'मामी' लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होती.

"ही मी? हिच्या हातात काही शस्त्र नाही?"

"नव्या शिपायाला नसतं."

"बरंय. लाटणं दिलं असतं तर त्यांनी धसका घेतला असता," ती म्हणाली आणि हसली. मग माझ्या भालाईताकडे बोट करून विचारलं, "आणि हा?"

"मी."

"याला घरी पाठव. आत्ता. नाहीतर माझी खेप फुकट."

मी मलाही निरोप दिला. आता त्या मोकळ्या पटावर सेनापती आणि मामी असे दोघेच उरले. यंत्र खणात ठेवलं. कुलूप तिने लावलं. पडदा बाजूला सारून आम्ही दिवाणावर शेजारी शेजारी बसून राहिलो, आणि ऊन टेबलावरून उतरत असताना मी तो आवाज प्रथमच ऐकला. टिक. टिक. थांबून, पुन्हा टिक. अजिबात घाई नव्हती. मामीने माझा हात धरला होता. तिचा तळवा हळूहळू सैल होत गेला. ती बसल्या जागी गाढ झोपली होती. मी तिच्या अंगावर चादर घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी दुकानात जायला मला धीर झाला नाही. त्यानंतरच्या दिवशी गेलो. काउंटरवर ती ताजीतवानी बसलेली होती, केस नीट विंचरलेले, डोळ्यांखालचा काळेपणा उतरलेला. मामांचं टेबल तिने भिंतीकडे सरकवलं होतं आणि त्यावर पट्ट्यांच्या पेट्या रचल्या होत्या. खणाची किल्ली खणालाच लटकत होती. कसलाही आवाज येत नव्हता.

"या ना," ती म्हणाली. "काय दाखवायचंय?"

मी मनगटावरचं घड्याळ काढून काचेवर ठेवलं. "मागे पडतं," मी म्हणालो. ते मागे पडत नव्हतं.

तिने ते कानाला लावलं, मागचं झाकण उघडलं, सेल तपासला, भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. "याला काहीच झालेलं नाही हो. उगीच कशाला तुमचे पैसे घेऊ?"

"तुम्ही पुन्हा एकदा बघता का?" मी म्हणालो. तुम्ही हा शब्द मी तिला जन्मात कधी लावला नव्हता. "मला घाई नाही."

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, नवख्या माणसाकडे पाहतात तसं. मग काउंटरपलीकडून एक स्टूल माझ्याकडे सरकवलं.

"मग बसा," ती म्हणाली, आणि घड्याळ उजेडाकडे तिरकं धरून त्यात डोकावू लागली.