पाव्हण्याला घर विकता येत नाही

मल्हारराव कोळेकरांचं कुपवाडातलं घर गेल्या दिवाळीपासून विकायला काढलेलं होतं, आणि ते न विकलं जाण्याचं एकमेव कारण खुद्द मल्हारराव होते.

घर तसं बरं होतं. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, आता बंद पडलेलं. वर दोन खोल्या. आणि मध्ये मल्हाररावांनी स्वतः वेल्डिंग केलेला लोखंडी जिना. तो जिना इतका उभा होता की गुडघे गेल्यापासून त्यांची बायको अर्जुनाबाई खाली उतरलीच नव्हती. तिचं सगळं जग खिडकीत आलं होतं. वाईला लेक स्वप्नाली राहायची. तिच्या शेजारची तळमजल्यावरची जागा बोलून ठेवली होती, पण मालक फार तर गुढीपाडव्यापर्यंत थांबणार होता. इथलं घर गेलं तरच तिथलं मिळणार. त्यामुळे गिऱ्हाईक आलं की अर्जुनाबाई वर देव पाण्यात घालून बसायची, आणि खाली मल्हारराव सुरू व्हायचे.

"पावनं, गाव कुठलं?"

गाव विचारल्याशिवाय मल्हाररावांच्या घशाखाली चहा उतरत नसे. रिक्षावाला, पोस्टमन, मीटर बघायला येणारा, कुणी सुटला नाही. आणि गृहस्थ नुसतं विचारून थांबतील तर ना! नातं लागेपर्यंत ते माणसाला सोडत नसत. आटपाडीचा बँकेतला क्लार्क घर बघायला आला, तो कप खाली ठेवायच्या आत आत्याच्या दिराचा साडू निघाला. विट्याचा दस्तगीर आला, तर त्याच्या आज्यानं मल्हाररावांच्या मेंढपाळ आज्याकडून लोकर नेलेली निघाली. झालं! माणूस एकदा पाव्हणा ठरल्यावर त्याला फसवायचं कसं?

मग मल्हारराव पाव्हण्याचा हात धरून त्याला वर्कशॉपच्या भिंतीपाशी नेत. "आता तुमी घरचंच. तुमच्यापास्नं काय लपवायचं? ही रेघ बगा. दर पावसाळ्यात नाल्याचं पानी हितवर येतं." आणि शंका राहू नये म्हणून स्वतःच्या कमरेला हात लावून दाखवत.

पाव्हणा गहिवरून निरोप घेई आणि पुन्हा त्या गल्लीत फिरकत नसे.

"खरं बोललो, माजं काय चुकलं?" मल्हारराव वर येऊन विचारत.

"काय बी न्हाई," अर्जुनाबाई म्हणे. "तुमचं पावनं वाढत्यात आन मी हितंच वाळतीया."

शेवटी स्वप्नालीनं वाईत बसून फोनवर एजंट ठरवली. उत्कर्षा नावाची, स्कूटीवरून येणारी, चटपटीत बाई. तिचं दोन टक्के कमिशन ऐकून मल्हाररावांना ठसकाच लागला.

"आवं ताई, घर माजं. गिऱ्हाईक आपल्या पायानं येनार. मग तुमी करनार काय?"

"तुम्हाला गप्प बसवणार," उत्कर्षा म्हणाली.

वरच्या खिडकीतून कित्येक महिन्यांत पहिल्यांदा हसण्याचा आवाज आला.

एजंट नेमल्याचे फायदे मल्हाररावांना हळूहळू कळत गेले. पहिला फायदा म्हणजे वर्कशॉपच्या भिंतीला पोपटी रंग लागला आणि ती रेघ जन्मालाच आली नव्हती असं झालं. मोबाईलवर टाकलेल्या फोटोंत घर सगळ्या बाजूंनी दिसत होतं, फक्त नाल्याची बाजू फोटोग्राफरच्या पाठीमागे राहिली होती. आणि गिऱ्हाईक यायची वेळ झाली की मल्हाररावांना औषध आणायला मिरजेला पिटाळलं जायचं. ते औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होतं.

"काका, एकच पथ्य पाळा," उत्कर्षानं बजावलं. "गाव विचारायचं नाही. नातं निघालं की तुम्हाला खरं बोलावं लागतं."

मल्हाररावांना हे पटलं, याचीच त्यांना नंतर लाज वाटली. पण पटलं. आणि महिन्याभरात कारखान्यातल्या एका तरुण इंजिनियरनं घर पसंत केलं.

घर दोघांच्या नावावर, म्हणून रजिस्ट्रीच्या दिवशी अर्जुनाबाईला खुर्चीत बसवून गल्लीतल्या चौघांनी खाली आणलं. अंगणात टेकल्यावर तिनं वाकून जमिनीला हात लावला आणि ती रडली. मल्हारराव उगाच चपला शोधत राहिले.

कचेरीत बाकावर तिच्या शेजारी इंजिनियरची आई बसली होती. तिच्याही हातात काठी, भुवईवर जुना वण.

"वर्कशॉपची खोली करून घेतोय, आई खालीच राहणार," इंजिनियर कौतुकानं सांगत होता. "तिला जिना जमत नाही. म्हणून तर हे घर घेतलं."

मल्हाररावांच्या डोळ्यांसमोर पोपटी भिंत आली, रंगाखालची रेघ दिसली. त्यांनी तोंड उघडलं. उत्कर्षा खाकरली. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तर ती खाली फरशीकडे बघत होती. मल्हाररावांनी तोंड मिटलं.

तेवढ्यात ती म्हातारीच अर्जुनाबाईकडे वळली. "बाई, तुमचं म्हायेर कुठलं वं?"

"लांब हाय," अर्जुनाबाई म्हणाली आणि अंगठा द्यायला उठली.

वाईला जायच्या गाडीत कराड मागे पडेपर्यंत मल्हाररावांनी कसाबसा दम धरला. मग त्यांना राहवलं नाही. "म्हातारी कडेगावकडची वाटली बोलन्यावरनं. बरं झालं, मी इचारलं न्हाई."

"कडेगावकडचीच हाय," अर्जुनाबाई म्हणाली. "आमची धोंडुबाई. माज्या मामाची लेक. भुवईवर वण हाय न्हवं? त्यो माज्यामुळंच हाय. खेळताना शाळंच्या पायरीवरनं मीच ढकलली हुती तिला."

मल्हारराव सीटवर तिच्याकडे वळले. "सख्ख्या मामाची? आन तू गप बसलीस?"

"मला जिना उतरायचा हुता," ती म्हणाली.

वाई येईपर्यंत मल्हाररावांनी गाडीवाल्याला गाव विचारलं नाही.