टॅक्सीखालचा सायलेन्सर बोलतो

मी एक जुना सायलेन्सर आहे. मित्रांनो, लगेच 'बिच्चारा' म्हणू नका. मी अडगळीत पडून आलो आहे, हे खरे. पण आता पुन्हा गाडीखाली आहे, अंगावर चिखल आहे, पोटाला भोक पडले आहे आणि मला कुणाचीही दया नको. मला फक्त माझी बाजू मांडायची आहे.

एका कारखान्यात पत्रा गोल वळवून माझे अंग घडवले. आत भोके पाडलेल्या नळ्या बसवल्या, मध्ये पडदे उभे केले आणि नळीपुरती वाट ठेवून दोन्ही तोंडे बंद केली. माझ्या पोटात एकामागे एक खोल्या आहेत. इंजिनातून भडकून आलेला धूर त्या खोल्यांतून फिरता फिरता निवतो. तापलेल्या माणसाला दोन जिने चढायला लावले की त्याचा राग उतरतो, तसेच हे. तपासनीसाने मला टिचकी मारून पाहिली, पाठीवर शिक्का मारला आणि मी एका टॅक्सीखाली रुजू झालो.

टॅक्सीचा ड्रायव्हर किडकिडीत आणि अबोल होता. रोज सकाळी गाडी सुरू करून तो पाच मिनिटे नुसता ऐकत उभा राहायचा. शेजारी हसायचे. त्याने कधी मनावर घेतले नाही. एकदा तापाने फणफणलेले बाळ घेऊन एक आई मागच्या सीटवर बसली. दवाखाना येईपर्यंत बाळ झोपले होते. "किती शांत गाडी आहे हो तुमची!" ती म्हणाली. ड्रायव्हरने कौतुकाने इंजिनावर हात फिरवला. इंजिनावर! खड्डा आला की पहिला मार मला, पाणी साचले की पहिली बुडी मला, आणि शाबासकी मात्र पुढे बसलेल्या इंजिनाला. अठरा वर्षे हेच चालले.

मग ड्रायव्हरचे गुडघे कुरकुरू लागले. त्याने टॅक्सीचा परवाना परत केला आणि किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. लेक फिटरचे काम शिकली होती आणि हाताला चलाख होती. गावाबाहेर टेकडीच्या पायथ्याशी शर्यतीच्या गाड्या तयार करणारे एक वर्कशॉप होते. तिथल्या मुख्य फिटरला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादला एक माणूस हवा होता. स्वतःच्या हाताने तयार केलेली गाडी आणायची आणि टेकडीचा चढ दोन मिनिटे दहा सेकंदांत चढून दाखवायचा, एवढीच त्याची अट होती. आमच्या गाडीला सात सेकंद जास्त लागत होते. लेकीला ती जागा इतकी हवी होती की जेवताना तिचा घास हातातच राहायचा.

तिचे दोन मित्र होते. एकाच्या खिशात सदा लांब स्क्रूड्रायव्हर असायचा, म्हणून तो स्क्रू. दुसरा दिवसभर फोनवर गाड्यांची माहिती वाचायचा आणि ती सगळ्यांना शिकवायचा, म्हणून तो प्रोफेसर. एका रविवारी तिघे घरामागच्या शेडमध्ये जमले आणि गाडीचे काय काय बदलायचे यावर वाद सुरू झाला.

"पहिली गाडी खाली बसव," स्क्रू म्हणाला. "पुढच्या स्प्रिंगांची दीड-दीड वेटोळी उडवू. वळणावर रस्त्याला चिकटते की नाही बघ."

"कापायच्या कशाला? तयार कडक स्प्रिंग मिळतात की," लेक म्हणाली.

"मिळतात, पण चाचणी तीन आठवड्यांवर आलीये. त्या येईपर्यंत तिकडे दुसराच कुणीतरी कामाला लागेल."

"स्प्रिंगांचं नंतर," प्रोफेसर मध्येच घुसला. "आधी इंजिनाला श्वास घेऊ दे. मोकळा एअर फिल्टर, इंजिनाच्या कंप्युटरला नवी सेटिंग, आणि मागे ही जाडजूड सरळ नळी. घसा मोकळा तर ताकद मोकळी!"

"आणि हा?" लेकीने मला बुटाच्या टोकाने ढोसले.

"हा? नुसतं वजन आहे ते. वाट अडवून बसलंय."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अठरा वर्षे या इंजिनाचा प्रत्येक उसासा माझ्या पोटातून गेला होता, आणि मी नुसते वजन!

ड्रायव्हर कोपऱ्यात स्टुलावर चहा पीत बसला होता. "हवं ते कर पोरी," तो म्हणाला, "पण एका वेळी एकच बदल कर. चालव. ऐक. मग दुसऱ्याला हात लाव."

"बाबा, तेवढा वेळ नाहीये."

"आणि बिघडलं तर कशानं बिघडलं, ते शोधायला आहे का वेळ?"

सगळे पाने हाताशी, सगळे मित्र हजर, अशा वेळी हौशी माणसाला थांबवतो कोण? स्प्रिंग, सेटिंग, फिल्टर, नळी, सगळे एकाच दिवशी बदलले. मीही सहजासहजी हललो नाही. माझे बोल्ट गंजून घट्ट बसले होते. हातोडी चालवताना स्क्रूच्या अंगठ्याचे साल निघाले, तेव्हा कुठे मी सुटलो. मग मला गुळगुळीत झालेल्या एका टायरशेजारी फेकून दिले.

नळी लावून गाडी सुरू झाली आणि शेडचे पत्रे थरथरले. शेजारच्या निवृत्त मास्तरांनी खिडकीतून विचारले, "विमान किती वाजता सुटणार आहे?" तिघे पोट धरून हसले. त्यांचे पाय जमिनीवर नव्हते.

टेकडीवरून परत आले तेव्हा मात्र तोंडे उतरलेली होती. दोन मिनिटे एकवीस! आधीपेक्षा चार सेकंद जास्त.

"तू स्टॉपवॉच उशिरा थांबवलंस," प्रोफेसर म्हणाला.

"मी बरोबर थांबवलं. पण आवाज ऐकलास ना? एवढ्या आवाजात गाडी हळू जाईलच कशी?" स्क्रू म्हणाला.

ऐका, मित्रांनो, ऐका! आवाज मोठा म्हणजे वेग मोठा, हा यांचा हिशोब. त्या भल्यामोठ्या नळीत धूर रेंगाळत होता आणि खालच्या गिअरमध्ये गाडीची ओढच गेली होती. पण मला विचारतो कोण?

खरी गंमत पुढेच होती. गंमत कसली, जीवघेणा प्रकार होता. स्प्रिंग कापल्यामुळे गाडीचे पोट चार बोटे खाली आले होते. गल्लीच्या तोंडाशी एक स्पीडब्रेकर आहे. आता रोज त्यावर गाडीचे पोट खरवडू लागले. इंजिनाच्या तळाशी तेलाचे चेंबर असते, त्याला केसाएवढी चीर गेली. थेंब थेंब तेल गळू लागले आणि त्याचा ओघळ शेडच्या उतारावरून कोपऱ्यात माझ्यापर्यंत आला. दोन दिवसांनी स्टिअरिंगसमोरचा तेलाचा लाल दिवा लागला. "नवी सेटिंग टाकलीय ना, म्हणून दिवे वेड्यासारखं करतात," असे प्रोफेसरने सांगितले आणि लेकीने मान डोलावली. सेटिंग हलवून हलवून वेळ एकदाची दोन मिनिटे दहावर आली होती; चाचणीच्या नादात तिलाही तेच ऐकायचे होते.

आणि मला ऐकू येत होते. त्या नळीच्या बोंबाबोंबीच्या खाली कुठेतरी, ठक-ठक, ठक-ठक. इंजिनाचे बेअरिंग तेलाविना कोरडे पडत होते. मी ओरडून सांगितले असते, पण मला घडवलेच उलट्या कामासाठी. मूग गिळून पडून राहिलो, आणि तेव्हाइतका राग मला आयुष्यात कधी आला नाही.

चाचणीच्या आदल्या दुपारी ड्रायव्हर शेडमध्ये आला. गाडी सुरूच होती. त्याने स्क्रूच्या खिशातला लांब स्क्रूड्रायव्हर काढला, एक टोक इंजिनावर टेकवले आणि दुसरे कानाला लावले.

"बंद कर."

"बाबा, उद्या सकाळी..."

"बंद कर गाडी."

तिने बंद केली. "खाली काहीतरी ठोकतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"काका, मोकळ्या नळीला असंच वाजतं," प्रोफेसर म्हणाला.

लेकीने गाडी सुरू करून स्वतः कान लावला. एकदा, दोनदा, तीनदा. "मला नाही कळत, बाबा. या गोंगाटात काहीच कळत नाही."

"मग गोंगाट काढ."

तिने गाडी बंद केली. मग कोपऱ्यात आली, माझ्यावरची जळमटे झटकली आणि मला उचलले. स्क्रूने कपाळावर हात मारला. "वेडी झालीस का? उद्या चाचणी आहे!"

"तासाभराचं काम आहे," ती म्हणाली.

तिने नळी काढली आणि मला जागेवर चढवले. किल्ली फिरवली. मी माझे काम केले, जसे नेहमी करतो. आणि त्या शांततेत चौघांनाही स्वच्छ ऐकू आले. ठक. ठक. ठक. प्रोफेसरने फोन खिशात ठेवला. लेक गाडीखाली सरकली आणि तेलाने माखलेला हात बाहेर काढून नुसता दाखवला.

"ऐक माझं," स्क्रू म्हणाला. "चीर बुजवू, तेल भरू. उद्या एकदाच चढव. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे. मग उघड हवं तर सगळं इंजिन."

लेकीने बापाकडे पाहिले. "माझ्याकडे बघू नकोस," तो म्हणाला. "किल्ली दिली तेव्हा गाडीही दिली."

ती बराच वेळ चाकाला टेकून बसली. तीन आठवडे जिच्यासाठी ती जेवण विसरली होती, ती जागा उद्यावर आली होती. शेवटी उठली आणि तिने बॅटरीची तार काढली.

रविवारी ती बसने टेकडीला गेली आणि दुपारी परत आली. कपडे बदलून सरळ गाडीखाली उताणी पडली आणि चेंबरचे बोल्ट सोडू लागली. बाप शेजारी स्टुलावर बसला होता.

"काय म्हणाला वस्ताद?"

"म्हणाला, तेल भरून आणायचीस की. दोन मिनिटं टिकलं असतं इंजिन. वर पोचून जळलं असतं तरी जागा तुझी होती."

"मग?"

"मी म्हटलं, दोन मिनिटांसाठी इंजिन जाळणारं माणूस हवं असेल, तर माझं नाव काढा. यादी त्याच्या टेबलावरच होती. मीच खोडलं."

ड्रायव्हरने पान्यांचा डबा पुढे ओढला. मग म्हणाला, "चौदाचा पाना देऊ की सोळाचा?"

"चौदाचा."

ती रडत होती. उताण्या माणसाचे अश्रू कानात जातात; तिने ते मनगटाने पुसले तर गालभर काळे तेल लागले. मी तिच्या अगदी जवळ होतो. मला तिचा फार अभिमान वाटला.

पुढचे चार महिने तिने एका वेळी एकच काम केले. बेअरिंग बदलले, चालवून पाहिले. चेंबर बदलले, चालवून पाहिले. पूर्वीच्याच उंचीच्या, पण कडक स्प्रिंग आणल्या. फिल्टर ठेवला, सेटिंग काढून टाकली. एका सकाळी आम्ही टेकडी चढलो. ड्रायव्हर माथ्यावर फोनमध्ये वेळ मोजत उभा होता. दोन मिनिटे नऊ! वस्तादच्या खिडकीखालूनच गेलो, तरी बघायला कुणी बाहेर आले नाही. येणार कसे? आम्ही आवाजच केला नव्हता.

मित्रांनो, इथे मी हात जोडून म्हणायला हवे की जुन्या वस्तूंना जपा. नाही म्हणणार. गंजलेला सायलेन्सर जपून ठेवण्यात कसली आली काळजी? तो आळस झाला. माझ्या पोटाला भोक पडले आहे, आता मीच फुरफुरतो. काल लेकीने मला वाजवून पाहिले आणि स्क्रूला म्हणाली, "हा गेला. बदलायला हवा."

स्क्रूची नजर भिंतीला टेकवलेल्या त्या जाडजूड नळीकडे गेली. माझ्यात होते नव्हते तेवढे बोल्ट घट्ट झाले.

लेकीने ग्राइंडर उचलला आणि ठिणग्या उडवत त्या नळीचे तीन तुकडे केले.

"अगं, कुणाला तरी दिली असतीस!" स्क्रू ओरडला.

"दिली असती, तर त्याच्या इंजिनाचं त्याला ऐकू आलं नसतं," ती म्हणाली आणि माझ्या मापाचा नवा सायलेन्सर आणायला निघाली.

आता मला खुशाल भंगारात घाला.