चाळणीआडचा डोळा

मित्रांनो, मी चाळणी. पत्र्याच्या कड्याची, जुनी, एका बाजूने चेपलेली. स्वभावाने मी जरा खोचक आहे, हे आधीच सांगून टाकते. चांगले ते खाली सोडायचे आणि नको ते वर अडवायचे, यातच जन्म गेला; नाक मुरडायची सवय लागली तर नवल काय? पण आज जे सांगणार आहे, ते नाक मुरडून भागण्यासारखे नाही. त्याची मला किळस आली होती आणि ती अजून गेलेली नाही.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात कारागिराने पत्र्याची पट्टी गोल वळवली, तिच्यात जाळी ताणून बसवली आणि कड ठोकून पक्की केली. शेवटचा घाव अंमळ जोरात बसला, तोच हा माझा पोचा. त्या पोच्यामुळे मी स्वस्तात गेले, पण घर चांगले मिळाले. घरातली आई मला कधी आपटायची नाही. तळहाताने हलकेच थोपटायची आणि पीठ भुरभुरत खाली पडायचे. पुढे घरात तयार पिठाच्या पिशव्या येऊ लागल्या आणि मी खिळ्याला लटकले. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना.

मग एक दिवस खिळाच निसटला आणि मी गडगडत बारकीच्या पायाशी गेले. बारकी म्हणजे घरातली धाकटी लेक. ती बोलत नसे. कोणी तोंडासमोर तोंड आणून तिच्याशी बोलू लागले, की डोळे घट्ट मिटून मान फिरवायची. तिला स्वमग्नता आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. तिने मला उचलले, खिडकीसमोर डोळ्याला लावले आणि खुदकन हसली. माझ्या जाळीतून उजेडाचे बारीक बारीक तुकडे होतात, हे मला तोवर कोणी सांगितलेच नव्हते. आई हातातले काम टाकून आली आणि जमिनीवर बसून तिने पलीकडून माझ्या जाळीला डोळा लावला. बारकी हलली नाही. ज्या मुलीला कोणाचा चेहरा सोसत नव्हता, ती माझ्याआडून आईच्या डोळ्यात कितीतरी वेळ बघत राहिली. त्या दिवसापासून तो त्या दोघींचा रोजचा खेळ झाला. मित्रांनो, पीठ तर कोणतीही चाळणी चाळते. हे काम फक्त माझे होते.

पण बारकी वर्गात बसत नाही, बाईंकडे बघत नाही, म्हणून शाळेने तिला परत पाठवले. वडिलांचा जीव टांगणीला लागला. त्यांनी तिला वर्तनाचे उपचार करणाऱ्या एका केंद्रात घातले. तिथे एकेका गोष्टीचे लहान लहान तुकडे करून शिकवायचे आणि प्रत्येक तुकडा जमला की बक्षीस द्यायचे, अशी रीत होती. खोटे कशाला बोलू, तहान लागली की पाण्याकडे बोट दाखवायला बारकी तिथेच शिकली. तिथल्या शिकवणाऱ्या ताईने वडिलांना विचारले, की हिला सगळ्यात जास्त काय आवडते, ते घेऊन या. अर्थातच मी गेले. हुरळून गेले होते मी. वाटले, आपला मान वाढला.

मान कसला! मला पारदर्शक झाकणाच्या डब्यात घालून उंच फळीवर ठेवले. दिसावी, पण हाताला लागू नये, अशी. शेजारी साबणाच्या फुग्यांची बाटली, किल्ली दिली की चालणारे खेळण्यातले पिल्लू आणि चिकट गोळ्यांची बरणी. आम्ही सगळी आमिषे. घरी चाळणी द्यायची नाही, नाहीतर इथे तिची ओढ राहणार नाही, असे ताईने बजावले होते. रोज तेच. बारकीने खुर्चीत बसायचे, हात मांडीवर ठेवायचे. ताई म्हणायची, माझ्याकडे बघ. बघितले की शिक्का मारल्यासारखे एक ‘शाबास’ आणि मी क्षणभर तिच्या हातात. डोळ्यापर्यंत पोचते न पोचते, तोच पुन्हा डब्यात. बारकी रडायची. रडण्याकडे लक्ष दिले तर ते वाढते, असे ताईला शिकवलेले होते, म्हणून ताई भिंतीकडे बघत बसायची. त्या गुळचट ‘शाबास’चा मला वीट आला. पण खरी किळस आली ती माझी मलाच. उंदराच्या पिंजऱ्यात टांगलेल्या तुकड्यासारखी मी तिथे लटकत होते.

एकदा प्रगती दाखवायला आईला आत बसवले. मी हातात येताच बारकीने मला डोळ्याला लावले आणि माझ्याआडून थेट ताईच्या डोळ्यात पाहिले. आपण होऊन, हसत.

आई म्हणाली, “बघतेय ना ती तुमच्याकडे.”

“चाळणीतून बघितलेलं आम्ही धरत नाही,” ताई म्हणाली आणि तिने मला खाली ओढले.

माझे काम अडवायचे खरे, पण असे चांगले तेवढे फेकून देताना मी कोणाला पाहिले नव्हते. मला शिसारी आली.

काही महिन्यांनी बारकी ‘बघ’ म्हटले की डोळ्यात बघू लागली. केंद्रात कौतुक झाले. वडील खूश झाले. आईने मात्र मला मागून घरी आणले, स्वच्छ धुतले आणि बारकीच्या हातात दिले. म्हणाली, “घे गं, तुझीच आहे.”

बारकीने मला घेतले आणि हात पोचेल तेवढ्या उंच फळीवर ठेवून दिले. मग खुर्ची ओढली, बसली, हात मांडीवर ठेवले आणि आईच्या डोळ्यात बघू लागली. डोळे ताणलेले, श्वास कोंडलेला. ती आईकडे बघत नव्हती, माझे मोल चुकवत होती. वडील दारात उभे होते. त्यांच्या ओठांवर आलेले ‘शाबास’ तिथेच थिजले. आईने तोंड पदरात लपवले.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी ती खुर्ची उचलून माळ्यावर टाकली. केंद्रात जाऊन त्यांनी स्पष्ट सांगितले, की पाणी मागायला शिकवा, बटण लावायला शिकवा. डोळे तिचे तिच्याकडे राहू द्या. ताईने फळीवरचा माझा रिकामा डबा काढून त्यांच्या हातात दिला.

आता रोज दुपारी आई जमिनीवर बसते आणि मला स्वतःच्या डोळ्याला लावते. बोलत काही नाही. बारकी लांब भिंतीशी हात मांडीवर ठेवून बसते आणि बोलावण्याची वाट बघते. काल मात्र ती उठून आली. डोळा लावला नाही. माझ्या पोच्यावरून नुसते एक बोट फिरवले आणि परत जाऊन बसली. आईचे डोळे भरून आले, पण तिने ‘शाबास’ म्हटले नाही.

मित्रांनो, एखादे मूल काहीतरी डोळ्यापुढे धरून तुमच्याकडे बघत असेल, तर ते हिसकावून घेऊ नका. पलीकडच्या बाजूला जाऊन बसा. तिथे तुमच्यासाठी जागा असते.